बांधाबाहेर

३ फेब्रुवारी

खारशेतला पोचले! आगरदांड्याच्या अलीकडच्या फाट्यावर एसटीतून उतरले तर राही स्कूटी घेऊन उभीच. ती इथली आशाताई, पंचविशीची, तोंडाचा पट्टा अखंड चालू. माझी बॅग, औषधांची थंड पेटी आणि मी, एवढ्यांना तिनं त्या गाडीवर कसं बसवलं ते तिलाच ठाऊक. घट्ट धरा म्यॅडम, म्हणाली, आमच्याकडचे खड्डे सरकारी हायत, त्यांना बुजवायची कुणाची हिंमत न्हाय.

राहायची जागा बघून तर मी हरखूनच गेले. गावाच्या खालच्या अंगाला, बांधाला लागून, पूर्वी बांधाचं सामान ठेवायची कोठी होती. गावकीनं ती चुना मारून आमच्या केंद्राला दिली आहे. पुढच्या खोलीत तपासणी, मागच्या खोलीत मी. मागची खिडकी उघडली की मातीचा उंच बांध, त्यापलीकडे तिवरांची हिरवी गर्दी आणि तिच्याही पलीकडे खाडी. भरतीला पाणी बांधाच्या पोटाशी येऊन थांबतं. म्हणजे पाणी माझ्या उशापेक्षा उंच आणि मी कोरडी! मला याची फार मजा वाटली.

शेजार एकच, भागोजींचं घर. बाकीचं गाव भातशेतांपलीकडे चढावर, देवळाभोवती. फोनला रेंजही तिथेच, देवळाच्या पायऱ्यांवर. जेवण राहीच्या सासूबाई येसूबाई आणून देणार आहेत. आज वालाचं बिरडं आणि तांदळाची भाकरी होती. मी दीड भाकरीत थांबले तर म्हणाल्या, पनवेलची माणसं चिमणीवानी खातात, तुला माणसात आणायला मला शिमगा उजाडेल.

आईची शाल उशाशी ठेवली आहे. तिचा कॅन्सर कळला तेव्हा तिच्या डॉक्टरांनी फक्त मान हलवली होती. मी ही नोकरी त्या हललेल्या मानेमुळेच घेतली, असं कधीकधी वाटतं.

५ फेब्रुवारी

आज देवळात बैठक झाली. मी माझ्या परीनं सांगितलं. शरीरात एखादी पेशी बिघडते, तेव्हा ती गाठ होऊन हाताला लागण्याच्या कितीतरी आधी रक्तातल्या पहारेकऱ्यांना तिचा सुगावा लागलेला असतो. ते तिचा चेहरा ओळखून ठेवतात. आपण फक्त त्यांना विचारायचं. हातावर दोन टोचण्या. वरच्या टोचणीत साधं औषध. तिथं प्रत्येकाला गांध उठते, गांधीलमाशी चावल्यावर उठते तशी लाल, फुगीर. ती उठली म्हणजे पहारेकरी जागे आहेत. खालच्या टोचणीत बिघडलेल्या पेशींच्या अंगावरचे कण, निर्जीव, निरुपद्रवी. तिथंही गांध उठली तर शरीर म्हणतंय, हा चेहरा मी आधी पाहिलाय. दोन दिवसांनी हात बघायचा. खालची उठली म्हणजे कॅन्सर झालाच असं नाही, पण मुंबईला नेऊन शोध घ्यायचा. इतक्या लवकर सापडला तर तो बरा होतो.

मग बाबाजी उठले. गावकीचे अध्यक्ष, सत्तरीचे, अंगानं काटक, बांधाची सगळी व्यवस्था त्यांच्याकडे. ते म्हणाले, चिंबोरी बांधात बीळ पाडते तेव्हा पहिल्यांदा बोटाएवढा पाझर येतो. ज्याला दिसतो तो हाळी देतो, सगळं गाव धावतं. तेव्हाच बुजवला तर शेत वाचतं, न्हायतर खांड जाते, बांध फुटून खारं पाणी आत. नर्सबाय पाझर बघाय आलीय, दुसरं काय न्हाय.

मी तीन दिवस जुळवलेलं भाषण त्या माणसानं एका दमात सोपं करून टाकलं. कुणीतरी मागून विचारलं, आणि बुजलाच न्हाय तर? बाबाजी म्हणाले, तर आतून दुसरा बांध घालायचा. गेलेलं शेत बाहेर. त्याला नारळ द्यायचा, समुद्राला सोडायचं, मागं बघायचं न्हाय.

सगळे हसले. मीही हसले. हात पुढे यायला लागले. पहिली टोचणी मी सर्वांसमोर माझ्याच हातावर घेतली.

७ फेब्रुवारी

सकाळी माझा हात बघितला. खाली काही नाही. आईच्या पोटची मुलगी मी, त्रेचाळीस वर्षांची. आनंद व्हायला हवा होता. पण वरही काही नाही. दोन्ही जागा सपाट, जणू टोचलंच नव्हतं. वरची न उठण्याचा अर्थ मीच परवा देवळात सांगितला होता.

राहीचं लक्ष गेलंच. मी म्हटलं, सुई उथळ गेली असणार, आपल्याच हाताला टोचताना जीव धजत नाही. ती हसली आणि दुसऱ्या कामाला लागली. आमचे प्रमुख डॉ. प्रज्योत फोनवर म्हणाले की घाबरायचं कारण नाही, मात्र पुन्हा टोचायचं तर मध्ये दीडेक महिना जायला हवा.

दीड महिना. बरं.

१२ फेब्रुवारी

गावातली मोठी माणसं बहुतेक टोचून झाली. खालची गांध एकाच हातावर उठली आहे, भागोजींच्या.

आणि आज संध्याकाळी त्यांच्याच अंगणात मी पोपटी खायला गेले होते. मडक्यात वालाच्या शेंगा, अंडी, भांबुर्ड्याचा पाला, वरून गवताचा जाळ. बायको वारलेली, मुलगा उरणला कंटेनरवर चालक. एवढ्या मोठ्या घरात एकटा माणूस पण मडकं वीस जणांचं. येसूबाई, राही, बाबाजी, सगळे होते. सगळे गेल्यावर मी त्यांना हळूच सांगितलं. त्यांनी काटकीनं निखारे सारखे केले. मग म्हणाले, या वयात कुणीतरी आपल्याला ओळखलं हेच पुष्कळ, माझा पोरगा फोनवर माझा आवाज ओळखत न्हाय.

२१ फेब्रुवारी

देवळाच्या पायरीवर बसून रडले. चांगल्या कारणानं. भागोजींच्या आतड्यात चण्याएवढी गाठ सापडली आणि दुर्बिणीतूनच काढून टाकली. पोट फाडावं लागलं नाही. डॉ. प्रज्योत म्हणाले, आणखी काही वर्षांनी हा माणूस आपल्याकडे आला असता तर आपण काही करू शकलो नसतो. त्यांचा आवाजही नेहमीसारखा नव्हता.

आईला हे कुणीतरी करायला हवं होतं. हाताला एक टोचणी, बस.

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र

भागोजी मुंबईहून परत आले आहेत. थोडे उतरले आहेत, पण ठणठणीत. आज देवळात गर्दी होती. ते आले आणि रांगेत उभे राहिले.

एक चमत्कारिक गोष्ट. त्यांच्या पुढची बाई हात खाजवायला लागली. मग मागचा माणूस. मग त्याच्या मागचा. डास असतील म्हणून मी सोडून देणार होते, पण राही माझ्याजवळ आली आणि तिनं बाही वर केली. खालच्या टोचणीच्या जागी, जिथं इतके दिवस काहीच नव्हतं, तिथं तांबडी गांध. भागोजी दर्शन घेऊन गेले. आम्ही बोलत असतानाच ती बसत गेली.

राही म्हणाली, म्यॅडम, असं होतं का हो? मी म्हटलं, उन्हानं होत असेल.

असं होत नाही. मला माहीत आहे असं होत नाही.

१ मार्च

संशय डोक्यात ठेवून मला झोप लागत नाही, म्हणून आज एक गोष्ट केली. येसूबाईंना रक्तदाब बघायच्या निमित्तानं मागच्या खोलीत बसवलं आणि मधलं दार लावलं. भागोजींना आधीच सांगून ठेवलं होतं की दुपारी अनवाणी या, पुढच्या खोलीत बसा, हाक मारू नका. का, ते त्यांनी विचारलं नाही. माझ्यावर विश्वास आहे त्यांचा.

येसूबाई सुनेच्या कालवणावर बोलत होत्या. मीठ टाकते का टाकीत न्हाय ते तिलाबी म्हाईत नसतं, वगैरे. बोलता बोलता त्यांची बोटं हाताकडे गेली. मी बघत होते. खालची जागा हळूहळू फुगली, तव्यावरच्या भाकरीला पापुद्रा सुटावा तशी. वरची सपाटच राहिली. पलीकडच्या खोलीत खोकल्याचाही आवाज झाला नव्हता.

येसूबाईंनी माझ्याकडे बघितलं, मग बंद दाराकडे. म्हणाल्या, भागोजी आलाय न्हवं?

डॉ. प्रज्योतांना फोन केला. ते प्रेमानं हसले. ऊन, घाम, डास, आणि मनाचे खेळ. एकाच्या शरीराला दुसऱ्याच्या शरीरातलं कसं कळणार? मी म्हटलं, पण त्यांची गाठ तर काढून टाकली ना, मग आता ओळखायला उरलंय काय? ते म्हणाले, शरीर एकदा ओळखायला शिकलं की विसरत नाही, तीच तर त्याची खुबी. मग म्हणाले, तुम्ही जरा विश्रांती घ्या.

५ मार्च

भागोजी आज माझ्याकडे मीठ मागायला आले. दुकानात संपलंय म्हणे. मी गेले तर मला मिळालं.

त्यांच्याकडे गेले आठ दिवस कुणी फिरकलेलं नाही. वाटेत समोर आले तर लोक वळून दुसऱ्या बांधावरून जातात. कुणी वाईट बोलत नाही, कुणी काहीच बोलत नाही. राहीला विचारलं, वाळीत टाकलंय का त्यांना? तिनं माझ्या तोंडावर हातच ठेवला. तो शब्द बोलायचा नाही, कायदा झालाय आता, केस होते. आणि तसं काही नाहीच, असंही म्हणाली. कुणी काही ठरवलं नाही. हात नको म्हणतो, म्हणून लोक जात न्हाईत.

मी बाबाजींकडे गेले. म्हटलं, तुमच्याच भाषेत सांगते, पाझर बुजलाय. तो माणूस बरा आहे. त्यांनी मला चहा दिला, नीट ऐकून घेतलं. मग आपला हात पुढे केला आणि म्हणाले, बुजलाय तर मग हे ओलं का लागतंय?

८ मार्च

नवा बांध घालत आहेत. भागोजींचं घर आणि माझी कोठी यांच्या मधून.

सगळं गाव कामाला आहे. बायका घमेली उचलतात, पुरुष फावडी मारतात, कुणीतरी गाणं म्हणतं. मला वाटलं होतं की पावसाळ्याआधीची डागडुजी असेल. येसूबाईही तेच म्हणाल्या, दरसाल करावं लागतं, बाय. पण माती कुठली घेतात ते मी आज खिडकीतून पाहिलं. भागोजींच्या घरापुढचा जुना बांध खणून तीच माती या नव्या बांधाला लावतात. इकडे जेवढा चढतो, तेवढा तिकडे उतरतो.

भागोजी ओट्यावर बसून बघत होते. मी म्हटलं, तुम्ही मुलाकडे जा, मी गाडी बघते. ते म्हणाले, या बांधावर मी पन्नास वर्षं माती टाकली, मला बाहेर टाकतील का? मग हसले. त्यांच्या ओट्यावर एक नारळ ठेवलेला होता. कुणी ठेवला, त्यांनी पाहिलं नव्हतं.

१४ मार्च, धूळवड

काल पुनवेचं उधाण होतं. आज सकाळी नव्या बांधावर चढून पाहिलं तर भागोजींच्या अंगणात पाणी. पोपटीची जागा पाण्याखाली, दार बंद, पायऱ्या दिसत नाहीत. पाण्यावर एक नारळ तरंगत होता.

मुलगा काल रात्री येऊन घेऊन गेला, असं येसूबाई म्हणाल्या. राही म्हणाली, सकाळीच गेले. बाबाजी म्हणाले, काल दुपारीच गेला. तिघांनी तीन वेळा सांगितल्या.

देवळापाशी जाऊन भागोजींना फोन लावला. बंद. मुलाचा नंबर माझ्याकडे नाही. राहीकडे मागितला तर म्हणाली, शोधते.

आज सगळे रंग खेळत होते. कुणी हात खाजवत नव्हतं. सगळे इतके मोकळे, इतके आनंदी दिसत होते. मलाही गुलाल लावला. येसूबाईंनी पुरणपोळी आणली, वर तुपाची धार. मी खाल्ली. चव छान होती, याचंच मला वाईट वाटलं.

१८ मार्च

ओहोटीला तिवरांत ते पोपटीचं मडकं अडकलेलं दिसलं. उपडं. त्याच्याखालून चिंबोऱ्या आत-बाहेर करत होत्या.

मडकं वाहून जाऊ शकतं. घर रिकामं असलं तरी मडकं वाहून जाऊ शकतं. मी हे स्वतःला दिवसभर सांगते आहे.

आज डॉ. प्रज्योतांना सांगितलं, पोलिसांना कळवायला हवं. ते म्हणाले, कशाबद्दल? माणूस मुलाकडे गेला आहे असं सगळं गाव म्हणतंय. तुमच्याकडे काय आहे?

माझ्याकडे मडकं आहे.

राहीनं नंबर दिलेला नाही.

२१ मार्च

लिहायचं नव्हतं. लिहिते.

दुपारी येसूबाई जेवण घेऊन आल्या. ऊन फार म्हणून त्यांनी दार लोटून घेतलं आणि माझ्यासमोर बसल्या. शिमग्यापर्यंत माणसात आणीन म्हटलेलं, पण तू तर उतरत चाललीस, असं म्हणत होत्या. मी हसले. घरात दुसरं कुणी नव्हतं. भागोजी तर नाहीतच. खिडकीतून बांध दिसत होता, बांधावरही कुणी नव्हतं.

त्यांची बोटं हाताकडे गेली.

त्यांनी ती लगेच काढून घेतली, पदर हातावर ओढला. मी पदर बाजूला केला. त्यांनी करू दिला. खालची जागा लाल होती आणि उठत होती, अगदी माझ्या डोळ्यांसमोर.

मग त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला, कडकड बोटं मोडली आणि म्हणाल्या, जेव पोटभर. डबा न घेताच गेल्या.

२२ मार्च

माझ्यात असेल का? आईला होतं. माझ्या पहारेकऱ्यांनी मला काही सांगितलं नाही. मला नाही सांगितलं, आणि सगळ्या गावाला कळलं?

देवळाकडे गेले. पायऱ्यांवर बायका बसल्या होत्या. मला वाट देण्यासाठी उठल्या. किती आदरानं. पण प्रत्येकीचा पदर हातावर ओढलेला.

डॉ. प्रज्योत म्हणाले की शनिवारी, एकोणतीसला, पेटी आणि नमुने न्यायला आपली गाडी दुपारी देवळापर्यंत येईल, तिच्यातून या. गुरुवारी पुन्हा टोचून घ्या, दीड महिना होऊन गेलाय. शनिवारी वाचू. लवकर सापडलं तर काहीच नाही हो, तुम्हीच तर लोकांना सांगता.

आज निघून जाता आलं असतं. फाट्यापर्यंत चालत. पण नमुने टाकून? मी पळाले तर या चाचणीवर कुणी पुन्हा हात पुढे करणार नाही. आणि कुठल्या गोष्टीला भिऊन पळाले असं सांगू?

शनिवार काही लांब नाही.

२४ मार्च

जेवण आता आत येत नाही. शेताच्या कडेच्या दगडावर ठेवून जातात. गरम असतं. आज वर केळीच्या पानात शिरा होता.

माझ्या कोठीच्या पुढे, गावाच्या बाजूला, दोरी लावली आहे. खुंट्या ठोकल्या आहेत.

राही दोरीपलीकडे उभी राहिली. मी हाक मारली तर पुढे आली नाही. रडत होती. म्यॅडम, जावा, एवढंच म्हणाली. मी म्हटलं, शनिवारी गाडी येतेय, तू स्कूटीवर पेटी तेवढी ने. तिनं मान हलवली. आईच्या डॉक्टरांनी हलवली होती, तशी.

मागून बाबाजींनी तिला हाक मारली. ती गेली.

२६ मार्च

माती. दिवसभर माती. माझ्या खिडकीपुढचा जुना बांध कालपेक्षा खाली आहे — आधी तिवरांचे फक्त शेंडे दिसत, आज खोडं दिसतात.

बाबाजींना ओरडून विचारलं, काय चाललंय? फावडं थांबवून, घाम पुसून, अगदी शांतपणे म्हणाले की डागडुजी. मी म्हटलं, मी माणूस आहे, शेत नाही. ते म्हणाले, व्हय बाय. शेत सोडतानाबी रडायला येतं.

कुणी माझ्यावर रागावलेलं नाही. एकही चेहरा रागाचा नाही. तसा असता तर बरं झालं असतं.

२७ मार्च

टोचून घेतलं. दोन्ही. या वेळी सुई नीट गेली, मी बघत होते.

बांधावर चढून पलीकडे जायचा प्रयत्न केला. माती ओली, पाय घसरतात. वर पोचले तर बायका खांद्याला खांदा लावून उभ्या. कुणी ढकललं नाही. फक्त सरकल्या नाहीत. सगळ्यांच्या बाह्या वर, सगळ्यांचे हात लाल — एकीनं तर माझ्यासमोर हात धरला, दाखवायला, जणू मीच तिला सांगायचं होतं याचा अर्थ काय ते.

येसूबाई त्यांत होत्या. त्यांनी मान वळवली नाही. डोळ्यांत पाणी होतं, पण मान वळवली नाही.

परत खाली आले. खाडीकडून जावं तर गुडघाभर, मग कमरेभर चिखल.

शनिवारी गाडी.

२८ मार्च

उंबऱ्यावर नारळ.

मी इथेच होते. पुढच्याच खोलीत. पावलं ऐकू आली नाहीत.

हात — वर किंचित तांबूस वाटतंय. की मी सारखी दाबते म्हणून? उद्यापर्यंत बघायचं नाही. बाही खाली.

नवा बांध दोन्हीकडून जुन्याला जाऊन मिळाला. आता घमेल्यांचा आवाज नाही. जुना — माझ्या कमरेएवढा उरलाय. उद्या अमावास्या. उधाण दुपारचं.

२९ मार्च

सकाळ. पाणी तिवरांत आलंय.

नमुने पेटीत भरून पेटी टेबलावर ठेवली. आईची शाल अंगावर.

—

गाडी आली. टेबलावर उभी राहिले की पुढच्या झरोक्यातून देऊळ दिसतं. पांढरी गाडी. चालक उतरला. बाबाजी त्याच्याशी बोलताहेत, हात पाठीवर ठेवून. राही बाजूला. मी शाल हलवली, ओरडले, वारा उलटा आहे — चालकानं इकडे बघितलं. मला पाहिलं त्यानं. हात हलवला. जसा निरोपाला हलवतात तसा —

राहीनं त्याला काहीतरी सांगितलं. तो गाडीत बसला.

गाडी वळली.

—

बांधावर सगळे उभे आहेत. ओळीनं. लेकरंसुद्धा. आज कुणी पदर ओढलेला नाही.

जुन्या बांधावरून पाणी आलं. आवाज नाही त्याला. नुसतं आलं — आधी बोटाएवढं, मग —

पुढच्या खोलीत घोट्याएवढं. गार आहे.

दुपार झाली म्हणजे दोन दिवस झाले. वाचायची वेळ. बाही वर केली.

उठलीय.

वरची उठलीय, टपोरी, लाल. पहारेकरी जागे झाले. आणि खालची — खालचीही उठलीय. आई, खालचीही. म्हणजे आहे. पण एवढीशीच, अगदी कडेला, नुकती, बघ ना, किती लहान — इतक्या लहान असताना सापडली म्हणजे — म्हणजे मला होईल बरं — डॉक्टर म्हणालेच होते, इतक्या लवकर —

येसूबाईंना दाखवते. हात वर धरते, झरोक्यातून दिसेल त्यांना. पाझर बोटाएवढाच आहे, सांगते, बुजतो अजून, बाबाजी, बुज